पाच वाजेपर्यंत बाजारात उभे असलेले
(मत्तय २० : १–१६)



द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आपल्या मंडळ्यांत वारंवार वाचला जातो. उपदेशक बहुधा पहाटे लागलेल्या मजुरांच्या कुरकुरीवर आणि धन्याच्या उदारपणावर बोलतात, व ते योग्यच आहे. आज आम्ही मात्र शेवटी आलेल्या मजुरांकडे वाचकांचे लक्ष वळवू इच्छितो. धनी अकराव्या ताशी, म्हणजे आपल्या घड्याळाने सायंकाळी पाचच्या सुमारास, बाजारात गेला. तेथे त्यास काही माणसे उभी दिसली. रिकामी का, असे त्याने विचारले, तेव्हा आपणांस कोणी कामास लावले नाही, एवढेच त्यांनी सांगितले.

यहुदी लोकांचा कामाचा दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, बारा तासांचा असे. पाच वाजता त्यातला एकच तास उरलेला. धनी त्याआधी चार वेळा बाजारात येऊन गेला होता. तेव्हा ही माणसे त्याच्या दृष्टीस का पडली नाहीत, हे शास्त्र सांगत नाही. कदाचित धट्टेकट्टे आधी निवडले गेले असतील. ज्याने जालन्यास सकाळी मजुरांच्या अड्ड्यावर उभे राहून पाहिले आहे, त्यास हे समजावून सांगावयास नको. आठ वाजेपर्यंत गवंडी जातो, त्याचे बिगारी जातात, तरणे जातात. दहा वाजता जे उरतात ते एकमेकांकडे पाहत नाहीत, आणि मग एकेक जण डबा न उघडताच घरी परततो. दाखल्यातील माणसे मात्र पाच वाजेपर्यंत घरी गेली नाहीत. ते उभे राहणे हेच त्यांचे त्या दिवसाचे कष्ट होते, आणि आमच्या मते मळ्यातील कामाहून ते हलके नव्हते.

फार दिवस काम न मिळाले म्हणजे माणसाचे काय होते, हे परदेशी विद्वानांनी बारकाईने पाहिले आहे. ऑस्ट्रिया देशात मारिएनथाल नावाच्या गावी एक कापडगिरणी होती. ती बंद पडून सारे गाव बेकार झाले. तेथील लोकांच्या दिनक्रमाचा अभ्यास मारी याहोडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी करून १९३३ साली प्रसिद्ध केला. वेळ भरपूर असल्यामुळे लोक अधिक वाचतील असे कोणासही वाटेल. परंतु तेथील ग्रंथालयातून नेली जाणारी पुस्तके जवळजवळ निम्म्यावर आली. पुरुष रस्त्याने चालताना मंद चालू लागले व पुनःपुन्हा थांबू लागले. त्यांस कोठे पोहोचावयाचेच नव्हते. ह्यास आळस म्हणणे अन्याय होईल. काम गेले, आणि त्याच्यामागे दिवसाची घडीही गेली.

आपल्या गावांतही हे आहे. मुलगा पदवी घेतो, किंवा आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकतो. मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर जावे अशी त्याची व आईबापांची इच्छा नसते. पहिल्या वर्षी तो औद्योगिक वसाहतीतल्या सळईच्या कारखान्यांत विचारून येतो, बियाण्यांच्या कंपन्यांत विचारून येतो, मोबाइलवर अर्ज भरतो. दुसऱ्या वर्षी उशिरा उठू लागतो. तिसऱ्या वर्षी उपासनेस येणे सोडतो, कारण दारात कोणी ना कोणी विचारतेच, “काय रे, लागलास का कुठे?”

येथे आम्हांस आमचा एक अपराध कबूल केला पाहिजे. अशाच एका तरुणास आम्ही एकदा पौलाचे थेस्सलनीकाकरांस लिहिलेले दुसरे पत्र उघडून दाखविले; जो काम करीत नाही त्याने खाऊही नये, ह्या अर्थाचा उपदेश तेथे आहे अशा समजुतीने. तो काही बोलला नाही. घरी आल्यावर आम्ही तो भाग पुन्हा वाचला. प्रेषित ज्याची काम करण्याची इच्छा नाही त्याविषयी बोलतो. ज्यास कोणी कामास लावले नाही त्याविषयी त्याचा एक शब्दही नाही. आम्ही दोहोंची गल्लत केली आणि जखमेवर मीठ चोळले. पुढे त्याची क्षमा मागितली, परंतु तो पुष्कळ दिवस आम्हांस टाळीत असे.

काम मागण्यात लाज नाही, हे आपल्या वडीलधाऱ्यांस तरी नव्याने सांगण्याची गरज नसावी. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, सुकडी खाऊन दिवस काढले. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रभर सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. त्यानंतर १९७७ साली राज्याने रोजगार हमीचा कायदा केला, आणि खेड्यातील माणसाने काम मागणे हा त्याचा हक्क आहे असे मान्य केले. आपल्या मंडळ्यांचा इतिहास तर ह्याहून जुना आहे. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्ह. नारायण शेषाद्री ह्यांनी जालन्याजवळ बेथेल गाव वसविले. निजामाचे दिवाण सर सालारजंग ह्यांजकडून त्यासाठी जमीन मिळविली. ख्रिस्ती झाल्यावर ज्याचे गावातील परंपरेचे काम तुटे, त्याने खावे काय? म्हणून बेथेलास प्रार्थनामंदिराबरोबर शेती व कारागिरीही होती.

आज आपल्यापाशी वाटावयास जमीन नाही. तरी काही करता येण्यासारखे आहे. जो शोधात आहे त्याने उठण्याची वेळ मोडू नये. काम नसले तरी सहाची वेळ सहाचीच ठेवावी. नकार मिळाला त्या कारखान्यात महिन्याने पुन्हा जावे, कारण गेल्या महिन्यातला कामगार ह्या महिन्यात गावी परतलेला असतो. शिकलेला हात गंजू देऊ नये. मंदिराचे फाटक तुटले असेल तर तेच जोडावे, आणि पंचांनी त्याचे पैसे द्यावेत. “पोरगा आपलाच आहे” म्हणून फुकट करून घेऊ नये! मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी असे मोशेचे नियमशास्त्र सांगते, आणि पंच त्यातून सुटलेले नाहीत.

प्रभूने शिष्यांस दोघे दोघे करून पाठविले, एकेकटे नव्हे. उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की त्यांनी येत्या रविवारी उपासनेनंतर दारात उभे राहून कोणास काही विचारू नये. त्यापेक्षा सोमवारी पहाटे त्या तरुणाच्या घरी जावे, त्यास बरोबर घेऊन पहिल्या एस.टी.ने जालन्यास जावे, आणि फाटकापाशी त्याच्याजवळ उभे राहावे. दोघांचे भाडे मंडळीच्या पेटीतून घ्यावे.