शस्त्रक्रियेनंतरचे पहिले पाऊल



आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन देण्यासाठी घरोघरी जाताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मणक्याचे ऑपरेशन नीट पार पडलेले असते, टाके सुकलेले असतात, डॉक्टरांनी चालायला सांगितलेले असते. तरी माणूस खाटेवरून उतरत नाही. 'पुन्हा चमक भरली तर?' ही भीती त्याला धरून ठेवते. दुसऱ्या घरी याच्या अगदी उलट. पायातली कळ थांबली, की दोन आठवड्यांत गडी वाडीत केळीचे घड उचलू लागतो.

पहिल्याला वाटते आपण सावध आहोत, दुसऱ्याला वाटते आपण धीट आहोत. ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने शिकवले, की खरे धैर्य भित्रेपणा आणि अविचारी धाडस या दोहोंच्या मध्ये असते. पाठीच्या रुग्णाला हेच धैर्य रोज थोडे थोडे लागते.

संत लूकच्या शुभवर्तमानात अठरा वर्षे कमरेत वाकलेली एक स्त्री भेटते. शब्बाथाच्या दिवशी प्रभू येशूने तिला जवळ बोलावले, तिच्यावर हात ठेवले आणि ती त्याच क्षणी सरळ झाली. आपली पाठ अशी एका क्षणात सरळ होत नाही. म्हणून प्रभू आपल्यापासून दूर आहे का? नाही. याईराच्या मुलीची आठवण करा. प्रभूने तिला मरणातून उठवले, ती चालू लागली आणि लगेच त्याने घरच्यांना तिला खायला द्यायला सांगितले. जीवन देवाने दिले, घास मात्र घरच्यांनी भरवायचा होता. देवाची कृपा निसर्गाला बाजूला सारत नाही, त्याला पूर्णत्वास नेते, असे संत थॉमस अक्विनास सांगतात ते याच अर्थाने.

चकतीचा जो भाग नसेवर दाब देत असतो, तो सर्जन काढतात. परंतु पडून राहिल्याने दुबळे झालेले पाठीचे आणि पोटाचे स्नायू सुरीने बळकट होत नाहीत. त्यासाठी आज अंगणापर्यंत, काही दिवसांनी आळीतल्या क्रुसापर्यंत चालावे लागते. मग फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम. वाकणे, कमरेत वळणे, ओझे उचलणे हे डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. थोडा ताठरपणा जाणवला म्हणून घाबरू नये. मात्र पायातली ताकद कमी झाली, बधिरपणा वाढला, लघवीवर ताबा राहिला नाही किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

संत इग्नेशियस लोयोला यांचा पाय १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने मोडला. हाड चुकीचे जुळले म्हणून पुन्हा मोडून बसवावे लागले. कित्येक महिने ते अंथरुणावर होते आणि तिथेच त्यांच्या मनाचे परिवर्तन सुरू झाले. १५२३ साली त्यांनी जेरुसलेमची यात्रा केली. पुढे त्यांनी लिहिलेल्या साधनेच्या पुस्तिकेत सुरुवातीलाच प्रार्थनेची तुलना चालण्या-धावण्याच्या व्यायामाशी केली आहे. दोन्ही रोज करावे लागतात आणि एका दिवसात दोन्हींचे फळ दिसत नाही. संतांचे लंगडणे मात्र कधीच गेले नाही.

म्हणून ज्यांची जुनी ताकद पूर्ण परतली नाही, त्यांनी 'मी आता कुणाच्या कामाचा नाही' असे म्हणू नये. संत पौलाने शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, पण कृपाही राहिली आणि त्याचे कार्य थांबले नाही.

घरच्यांना एक विनंती. आजाऱ्याला घाई करू नका, आणि प्रेमापोटी त्याला जखडूनही ठेवू नका. संध्याकाळी दहा मिनिटे त्याच्याबरोबर चाला. चालता चालता रोझरीचे एक दशक होईल.

आणि आजारी बंधू-भगिनींनो, गुडघे टेकता येत नाहीत म्हणून मिस्साला येणे टाळू नका. प्रकृतीमुळे गुडघे न टेकण्याची मुभा चर्चनेच दिली आहे. बाकावर बसा, कंटाळा आला तर मागे उभे राहा. कोणी काही म्हणणार नाही. वाकलेल्या त्या स्त्रीला प्रभूने प्रार्थनेच्या ठिकाणीच हाक मारली होती.

प्रभू तुमच्या प्रत्येक पावलाला बळ देवो.

तुमचे प्रमुख धर्मगुरू