तीन तासांची साक्ष

एखाद्या माणसाला एखादी गोष्ट येते की नाही, हे कोणी ठरवायचे? सुताराला रंधा मारता येतो की नाही, हे त्याने केलेला दरवाजा सांगतो. भाकरी नीट थापली गेली की नाही, हे तव्यावर कळते. परंतु इतिहास, अर्थशास्त्र किंवा गणित येते की नाही, हे सांगणारा असा तवा अद्याप कोणी घडवलेला नाही. म्हणून समाजाने परीक्षेची सोय केली. तीन तास, एक बाक, एक बैठक क्रमांक आणि एक कोरी उत्तरपत्रिका. वर्षभराच्या, क्वचित आयुष्यभराच्या शिकण्याची साक्ष या तीन तासांत द्यायची आणि तिच्यावरून निकाल लागायचा. ही साक्ष देताना ज्याची जीभ भयाने टाळूला चिकटते, त्याच्याशी ही व्यवस्था न्यायाने वागते काय, हा प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

हा प्रश्न सर्वच विद्यार्थ्यांचा असला, तरी सर्वांना तो सारखा जड नसतो. जो मुलगा रोज महाविद्यालयात जातो, त्याला ओळखणारे प्राध्यापक असतात. त्याच्या चाचण्या होतात, प्रात्यक्षिके होतात, वर्गातल्या उत्तरांचीही कोठेतरी नोंद राहते. परंतु ज्यांना वर्ग लाभला नाही, त्यांच्यासाठी परीक्षा हा एकच दरवाजा असतो. आपल्या परभणी जिल्ह्यात अशी माणसे शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेली कुटुंबे उन्हाळा लागता लागता परततात, आणि नेमक्या याच काळात शाळा-महाविद्यालयांचे अर्धे वर्ष निघून जाते. लग्न झाल्यामुळे शिक्षण सुटलेल्या मुली आहेत. दुकानात, दवाखान्यात, मोंढ्यात नोकरी करणारे तरुण आहेत. यांतील कोणी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बसतो, कोणी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात नाव घालून घरी अभ्यास करतो.

१९८९ साली स्थापन झालेल्या या मुक्त विद्यापीठाने 'श्रेयांक' हा शब्द खेड्यापाड्यांतील घरांत नेला. दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे साधारणतः तीस तासांचा अभ्यास. हा अभ्यास कोणी चुलीजवळ केला की दुकानाच्या गल्ल्यावर, हे विद्यापीठ विचारीत नाही. परीक्षेत तो दिसला पाहिजे, एवढेच त्याचे म्हणणे असते. २०१७ साली केंद्र सरकारने 'स्वयम्' हे शिक्षणाचे दालन सुरू केले. तेथेही घरबसल्या धडे ऐकता येतात, पण श्रेयांक हवे असतील तर अखेरीस केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची पेढीच उघडली. कष्टाने मिळवलेले श्रेयांक तेथे जमा राहतात आणि मध्येच शिक्षण थांबले तरी पुढे उपयोगी पडतात.

या विचाराचे मूळ जुने आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ साली आपल्या पदव्यांचे दार महाविद्यालयात न शिकलेल्यांनाही उघडले. तू कोठे शिकलास हे विचारू नये, काय शिकलास हे विचारावे, असे ते तत्त्व होते. अमेरिकेत १९६७ पासून स्वतःच्या बळावर अभ्यास करून परीक्षेद्वारे महाविद्यालयीन श्रेयांक मिळवता येतात. श्रीमंत घरातील मुलाला शिफारस मिळते, ओळख मिळते, दुसरी संधी मिळते. गरिबाला मिळते ती उत्तरपत्रिका. तिच्यावर आडनाव नसते, जात नसते, अंगावरचे कपडे दिसत नाहीत. फक्त बैठक क्रमांक असतो. परीक्षेचे हे आंधळेपण हाच तिचा सर्वांत मोठा सद्गुण आहे.

आणि तिचा दोषही तोच आहे. जिला आडनाव दिसत नाही, तिला थरथरणारा हातही दिसत नाही.

पस्तिशीची एक स्त्री कल्पनेत आणू या. जिंतूरजवळच्या गावात तिचे घर आहे. दोन मुले शाळेत जातात आणि ती रात्री दहानंतर पुस्तक उघडते. तिला विषय समजला आहे. मुलांना ती तो समजावूनही सांगते. परंतु परीक्षाकेंद्रावर वीस वर्षांच्या मुलांमध्ये बसल्यावर, घंटा झाल्यावर, प्रश्नपत्रिका हाती आल्यावर तिच्या डोळ्यांसमोर अक्षरे पळू लागतात. तळहात ओले होतात. 'नापास झाले तर सासरी काय म्हणतील?' हा एकच प्रश्न छापील सर्व प्रश्नांच्या आधी सोडवावा लागतो, आणि तो सुटत नाही. तिचा निकाल लागेल, तेव्हा तो तिच्या ज्ञानाचा असेल की तिच्या भयाचा?

मानसशास्त्राने या अवस्थेचा बराच अभ्यास केला आहे. १९६७ साली लिबर्ट आणि मॉरिस या संशोधकांनी परीक्षेच्या भीतीचे दोन भाग वेगळे करून दाखवले. एक शरीराची खळबळ, म्हणजे धडधड, घाम, कोरडा घसा. आणि दुसरा मनातील काळजी, म्हणजे 'माझे कसे होणार' हा सततचा विचार. गुणांना खाली ओढते ती प्रामुख्याने ही काळजी. कारण मनाची जी जागा उत्तर जुळवण्यासाठी हवी असते, तीच ती अडवून बसते. थोडी धाकधूक अपाय करीत नाही, उलट माणसाला जागे ठेवते. अपाय होतो तो तीन तासांच्या एका पेपरवर आपली सर्व किंमत टांगली आहे असे वाटू लागले म्हणजे.

मग परीक्षकाने माणसाकडे पाहावे काय? उत्तर सोपे नाही, आणि ते तसे नसल्याचे इतिहासातील दोन प्रसंग सांगतात.

पहिला प्रसंग महाराष्ट्रातील आहे. १८७५ साली कोकणातील मुरूड गावचा एक किशोरवयीन मुलगा सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा देण्यासाठी सोबत्यांबरोबर घाट चढून शंभराहून अधिक मैल पायी साताऱ्यास गेला. परीक्षेसाठी सतरा वर्षे पूर्ण असणे आवश्यक होते आणि त्याची ती झालेली होती. परंतु तो दिसायला लहान आणि किरकोळ होता. परीक्षासमितीच्या प्रमुखांना त्याचे वय पटले नाही आणि त्याला परत पाठवण्यात आले. एकही प्रश्न विचारला न जाता तो अपात्र ठरला. पुढच्या वर्षी कोल्हापूरला त्याने तीच परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला. त्याचे नाव धोंडो केशव कर्वे. १९१६ साली त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ स्थापन केले आणि १९५८ साली ते भारतरत्न झाले. साताऱ्यात परीक्षकाने उत्तरपत्रिका पाहण्याऐवजी चेहरा पाहिला आणि अन्याय झाला.

दुसरा प्रसंग फ्रान्समधील आहे आणि आपल्या घरांत तो परिचित आहे. जॉन मेरी व्हियानी हा शेतकऱ्याचा मुलगा. राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याचे शिक्षण राहून गेले आणि लॅटिन भाषेशी त्याची ओळख उशिरा झाली. धर्मगुरुपदासाठीच्या परीक्षेला तो लियाँ शहरी बसला. विद्वान परीक्षकांसमोर, लॅटिनमधून आलेल्या प्रश्नांपुढे तो गोंधळला आणि नापास झाला. त्याला शिकवणारे वृद्ध धर्मगुरू बाले मात्र गप्प बसले नाहीत. त्याला काय येते हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी रदबदली केली, आणि परीक्षा पुन्हा झाली ती त्यांच्याच घरी, एक्युलीला, फ्रेंच भाषेतून. या वेळी उत्तरे समाधानकारक आली. १८१५ साली तो धर्मगुरू झाला, आणि आर्स गावचा हा पाळक पुढे जगभरातील धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचा आश्रयदाता संत ठरला. लियाँ आणि एक्युली यांच्या दरम्यान त्याचे ज्ञान फारसे वाढले नव्हते. बदलली ती भाषा, जागा आणि समोरच्या माणसाची नजर.

मराठवाड्याला तर हा अनुभव नवा नाही. १९४८ पर्यंत परभणी हैदराबाद संस्थानात होती आणि उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. घरात मराठी बोलणाऱ्याने उच्च शिक्षणाची साक्ष परक्या भाषेत द्यायची, ही रीत आपल्या आजोबांच्या पिढीने भोगली आहे. आजही मराठीतून शिकून इंग्रजी प्रश्नपत्रिकेसमोर बसणाऱ्याची तीच गत होते.

साताऱ्यात माणूस पाहिल्याने अन्याय झाला, एक्युलीला माणूस पाहिल्याने तो टळला. या दोहोंचा मेळ कसा घालायचा? माझ्या मते, दोन कामे दोन निराळ्या हातांत असली पाहिजेत. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याने माणूस पाहू नये. त्याचे आंधळेपण राखलेच पाहिजे. कारण ते गेले, की प्रथम लाभ होतो तो ओळखीच्यांचा. भीतीचे कारण सांगून परीक्षाच मोडीत काढावी असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये, की तिच्या जागी येणारी शिफारस गरिबाच्या वाट्याला क्वचितच येते. परंतु त्या आंधळ्या न्यायासमोर उभे राहण्याआधी आणि नंतर, माणसाला माणूस म्हणून पाहणारे कोणीतरी असावे लागते. व्हियानीला बाले लाभले. आपल्या धर्मग्रामांतील कितीजणांना असे कोणी लाभते?

येथे घरांचा भाग येतो. निकालाच्या दिवशी आपण प्रथम काय विचारतो? 'किती पडले?' हा प्रश्न इतका अंगवळणी पडला आहे, की तो कठोर असल्याचे आपल्या लक्षात येत नाही. शेजाऱ्याच्या मुलाचे गुण जेवताना सांगणे, मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात टक्केवारीची चौकशी करणे, नापास झालेल्याला लग्नकार्यात चुकवणे, या साऱ्यांतून आपण मुलांना एकच शिकवतो, की उत्तरपत्रिका तुझी नव्हे, तूच तपासला जात आहेस. मंडळ निकालानंतर काही आठवड्यांत पुरवणी परीक्षा घेते. मंडळाने दिलेली ती दुसरी संधी पुष्कळदा घरानेच नाकारलेली असते.

प्रार्थनेविषयीही थोडे बोलले पाहिजे. परीक्षेच्या दिवसांत कुपर्टिनोच्या संत जोसेफ यांच्याकडे मध्यस्थी मागण्याची प्रथा आहे. सतराव्या शतकातील या संताला अभ्यास जमत नसे. त्याला नीट येणारे एकच वचन परीक्षेत निघाले आणि पुढील परीक्षेत आधीच्या उमेदवारांवर संतुष्ट झालेल्या बिशपांनी उरलेल्यांना न विचारताच उत्तीर्ण केले, अशी त्याची कथा सांगतात. कथा गोड आहे. परंतु 'मला येणारा प्रश्नच येऊ दे' एवढेच मागणे म्हणजे नशिबाची याचना होय. 'मला जे येते ते त्या तीन तासांत माझ्यापाशी राहू दे' हे मागणे अधिक प्रामाणिक वाटते, आणि त्या मागण्यापाठोपाठ अभ्यासही करावा लागतो.

तालान्तांच्या दाखल्यातील तिसरा चाकर आपणा सर्वांना ठाऊक आहे. धनी रागावला तेव्हा त्याने दिलेले कारण भीती हेच होते. भ्यालो म्हणून पुरून ठेवले, असे तो म्हणाला. यावरून भित्र्याला शुभवर्तमानात क्षमा नाही, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. दोष भीतीचा नव्हता; भीती वाटणे माणसाच्या हाती नसते. दोष पुरून ठेवण्याचा होता. परीक्षेचा फॉर्म न भरणे, केंद्रावरून परत फिरणे, 'मला काही येतच नाही' असे म्हणत राहणे, हे सारे तालान्त पुरण्याचेच प्रकार आहेत. हात थरथरत असताना पहिले उत्तर लिहिणाऱ्याचे धैर्य न घाबरणाऱ्याहून कमी नाही.

या धैर्याला थोडी मदत करता येते. भीती कागदावर उतरवली की ती सौम्य होते, असे २०११ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात दिसले. परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपल्या काळज्या लिहून काढणाऱ्यांनी अधिक चांगले गुण मिळवले. पुढच्या सर्वच प्रयोगांत तोच परिणाम दिसला नाही, म्हणून तो मंत्र समजू नये. पण करून पाहण्यात नुकसान नाही. अधिक भरवशाची गोष्ट सरावाची आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली दाखवून दिले, की धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांच्या एका आठवड्यानंतर अधिक लक्षात राहते. म्हणजे स्वतःची परीक्षा घेणे हाच अभ्यासाचा उत्तम मार्ग, आणि परीक्षेची भीती घालवण्याचाही. नियमित विद्यार्थ्याला हा सराव वर्गात मिळतो. घरी शिकणाऱ्याला तो मिळत नाही; तीन तास सलग बसून लिहिण्याची वेळ त्याच्यावर प्रथम येते ती खऱ्या केंद्रावरच.

ही उणीव भरून काढायला मोठा निधी लागत नाही. धर्मग्रामाचे सभागृह आठवड्यातील बहुतेक दिवस रिकामे असते. तेथे महिन्यातून एका रविवारी काही बाक मांडावेत, भिंतीवर घड्याळ असावे, जुन्या प्रश्नपत्रिका असाव्यात आणि निवृत्त शिक्षकांपैकी कोणी उत्तरे पाहून द्यावीत. गुण जाहीर करू नयेत. कोणत्याही धर्माच्या शेजाऱ्याला तेथे बसू द्यावे. ऊसतोडीहून परतलेल्या मुलाला आणि पस्तिशीतील त्या गृहिणीला निदान बाकाची आणि घंटेची सवय व्हावी, एवढाच हेतू ठेवावा. न्याय विद्यापीठ देईल. न्यायासमोर उभे राहण्याचे बळ देणे मात्र विद्यापीठाच्या कक्षेत येत नाही. ते घराचे आणि शेजाराचे काम आहे.

परीक्षा साक्षीदार आहे, आणि कोणत्याही साक्षीदाराप्रमाणे तिला अर्धेच दिसते. तिने सांगितलेले ऐकून घ्यावे, चुकले असेल तेथे अभ्यास वाढवावा, पुन्हा बसावे. परंतु एखाद्या माणसाविषयीचा अखेरचा शब्द तिला बोलू देऊ नये. तो शब्द बोलण्याचा अधिकार ज्याचा आहे, तो टक्केवारी विचारीत नाही, अशीच आपली श्रद्धा आहे. मग जेवणाच्या पाटावर आपण तरी ती पहिल्याप्रथम का विचारावी?