मांडीवरचं लेकरू

शनिवारी-मंगळवारी पांढुर्ण्याहून सौंसरकडे, जामसावळीच्या हनुमानाच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या पाहा. पुढच्या सीटवर आजी, तिच्या मांडीवर दीड-दोन वर्षांचं लेकरू, डॅशबोर्डवर हात टेकून उभं. मागच्या बेल्टची कुलपं सीटकव्हरखाली दडपलेली. कोणी टोकलंच तर उत्तर ठरलेलं: ‘मी धरलं हाये न त्याले घट्ट.’

त्या मायेत खोट नाही, म्हणूनच तिच्याविरुद्ध बोलणं जड जातं. पण ताशी ६० किलोमीटरच्या वेगातली गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर दहा किलोच्या मुलाची ओढ दीड क्विंटलच्या वर जाते. कापसाचा तेवढा बोजा कोण हातांत धरून ठेवील, तेही बेसावध असताना? मूल निसटतं, काचेवर आदळतं, आणि बेल्ट न लावलेल्या आजीचं सगळं वजन त्याच्यावर येतं. दोघांना मिळून एकच बेल्ट लावला तर मूल बेल्ट आणि आजी यांच्यामध्ये चेंगरतं.

डिसेंबर २०२४ मध्ये वाशीत सहा वर्षांचा मुलगा पुढच्या सीटवर बसला होता. अपघातात एअरबॅग उघडली आणि तिच्याच तडाख्याने तो गेला. मोठ्यांच्या छातीच्या हिशेबाने बनवलेली ती पिशवी पापणी लवायच्या आत फुगते. मुलाचं डोकं आणि मान तिच्या वाटेत येते. म्हणून मुलाची जागा मागेच, त्याच्या वयाच्या सीटमध्ये. तान्ह्या बाळाची सीट तर मागे तोंड करून बसवायची, म्हणजे धक्का मानेवर न येता सगळ्या पाठीवर विभागला जातो.

मूल पट्ट्यात रडतं, मान्य. इंजेक्शनलाही रडतं; तेव्हा आपण त्याचं ऐकत नाही. ही सीट काही हजारांना येते. प्रत्येक घराला ती झेपेल असं मी म्हणणार नाही, पण जावळाच्या जेवणावळीला जिथे पैसा कमी पडत नाही, तिथे तरी तिची चौकशी व्हायला हवी.

आजीला ‘लेकरू मागे बसवू’ म्हणणं सोपं नाही. तिला वाटेल, आपल्यावर भरवसा उरला नाही. पण ते तिला समजावायचं काम स्टिअरिंग ज्याच्या हाती आहे त्याचं. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानेही १४ वर्षांखालचं मूल बेल्टविना किंवा बालसीटविना नेल्याचा हजार रुपये दंड चालकावरच ठेवला आहे, मांडीवर घेणाऱ्या आजीवर नाही.