दगडी घुमट आणि कुडाच्या भिंती

(मननासाठीं : 2 इतिहास 5:13, प्रेषितांचीं कृत्यें 16:25)



लंडन शहरीं संत पौलाचें कॅथीड्रल, म्हणजे बिशपाचें मुख्य उपासनामंदिर, आहे. ती इमारत 1710 सालीं पूर्ण झाली. तिचा घुमट इतका उंच व आंतील पोकळी इतकी विशाल आहे कीं, गाणारे थांबल्यावरही त्यांचा नाद कित्येक सेकंद दगडांवरून परत येत राहतो. तेथें कोणी घाईनें गाईल, तर पहिला शब्द विरण्यापूर्वींच दुसरा त्यावर आदळेल व दोन्ही अस्पष्ट होतील. यास्तव तेथील गायनमंडळी शब्द स्वच्छ उच्चारिते, चाल धांवूं देत नाहीं, व योग्य स्थळीं श्वासभर थांबते. शिवाय तिचे दोन भाग समोरासमोर उभे असतात. स्तोत्र गातांना एक भाग गातो, दुसरा ऐकतो व मग उत्तर देतो. याप्रमाणें ती जागाच गाणाऱ्यांस धीर धरणें व ऐकणें शिकविते.

आपल्या पुष्कळ मंडळ्यांचें मंदिर कुडाचें असतें व वर पत्रे असतात. कूड नाद परत देत नाहीं, आणि पाऊस पडूं लागला म्हणजे शेजाऱ्याचा स्वरही बुडतो. म्हणून कांहीं जण लाजून ओठ मिटून बसतात, तर कांहीं ओरडून इतरांस झांकून टाकितात. दोहोंनीं उपासना खुंटते.

शलमोनाचें मंदिर सोन्यानें मढविलेलें होतें. परंतु तें मेघानें भरलें त्या प्रसंगीं शास्त्र सोन्याची थोरवी न गातां, गाणारे व वाजविणारे एकस्वर झाले हें सांगतें. आणि पौल व सीला यांस कोठला घुमट? पाय खोड्यांत, अंगावर फटक्यांचे वळ, वेळ मध्यरात्रीची. तरी ते गात होते व बंदिवान ऐकत होते. त्या अंधारानें त्यांचें गाणें दुःखितांचें धैर्य केलें.

तेव्हां, उपदेशक बंधूंनो, येत्या प्रभुवारीं चरण आधीं सावकाश सांगा, मग सर्वांनीं गावा. ज्या म्हातारीस अक्षर येत नाहीं, ती पोहोंचेपर्यंत थांबा. प्रत्येकानें शेजाऱ्याचा स्वर ऐकूं येईल इतकेंच मोठ्यानें गावें. तेथें दगड जें करावयास लावितो, तें येथें प्रीतीनें करावें. ज्या मंडळीनें गातांना दुर्बळासाठीं थांबण्याची संवय केली, ती आजारांत व कर्जांतही त्यास मागें टाकणार नाहीं.

प्रभु आपणांस गाणारे ओठ व ऐकणारे कान देवो. आमेन.