भरीव पाणबुडी

हातखंब्याच्या तिठ्यावरून एक रस्ता मुंबईला जातो, एक गोव्याला आणि एक खाली रत्नागिरीला. याच तिठ्यावर एस्टी धरून आमच्याकडची माणसं बाहेर पडली. कुणी गिरणीत गेला, कुणी बोटीवर, कुणी नेव्हीत. नेव्हीतून परतलेल्याच्या घरात शोकेस असतं नि शोकेसमध्ये बोट असते. आमच्या वाडीतल्या काकांच्या शोकेसमध्ये मात्र पाणबुडी आहे. लाकडाची, हाताने घडवलेली, साडेतीन फुटांहून थोडी जास्त लांब.

ती 'आयएनएस चक्र'ची प्रतिकृती आहे. रशियाकडून दहा वर्षांच्या भाडेकरारावर घेतलेली ही अणुपाणबुडी २०१२ साली आपल्या नौदलात आली, २०२१ साली परत गेली. खरी लांबी सुमारे ११० मीटर; म्हणजे काकांची बरोबर शंभरावा हिस्सा. 'अणु' म्हटलं की लोकांना बॉम्ब आठवतो. पण इथं अणू आहे तो इंजिनात. अणुभट्टीच्या उष्णतेने वाफ होते, वाफेवर पंखा फिरतो. डिझेलच्या पाणबुडीला बॅटरी भरायला हवेसाठी वर यावं लागतं, हिला नाही. माणसांचं अन्न पुरेल तितके दिवस ही खाली राहू शकते. काम एकच, शत्रूचं जहाज हुडकायचं आणि वेळ आली तर बुडवायचं.

घडवली ती आमच्याच सुताराने, शिवणीच्या लाकडात. शिवण हलकी, वाकत-पिळत नाही. वाकसाने तासली, रंध्याने गोल केली, कानशीने घासली. शेपटीवरचा भोपळ्यासारखा फुगवटा आणि सात पात्यांचा पंखा करायलाच त्याला आठ दिवस लागले. त्याच पडवीत, त्याच हत्यारांनी तो शिमग्याआधी देवाच्या पालखीचे दांडे नीट करतो, गणपतीचे पाट करतो.

मी त्याला विचारलं, "माणसं मारायच्या वस्तूला एवढं सुंदर करताना तुला काय वाटलं रे?"

तो म्हणाला, "मी लाकूड बघितलं. आडवा रेषा कुटं येतो, तेवडंच बघितलं."

उत्तर खोटं नाही. कारागिराचं मन असंच चालतं. आणि शस्त्राला हात जोडणं आपल्याला नवीनही नाही. खंडेनवमीला कोयता, नांगराचा फाळ, सुताराची पटाशी, फौजेतल्या माणसाचं हत्यार, सगळं एकाच पाटावर बसतं. आंग्र्यांची गलबतं लाकडाचीच होती आणि ती काही शोभेसाठी बांधलेली नव्हती. तेव्हा शस्त्राची प्रतिकृती घरात ठेवणं म्हणजे पाप, असं मी म्हणणार नाही.

पण एकदा काकांचे व्याही आले, राजापूर तालुक्यातले, माडबनकडचे. तिथं जैतापूरचा ९,९०० मेगावॅटचा अणुप्रकल्प ठरलेला. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाट्याला पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस गेला, ते आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहे. व्याही बराच वेळ शोकेसपुढे उभे राहिले. मग म्हणाले, "अणुभट्टी आमच्या दारात नको म्हटलं तर आम्ही विकासाच्या आड आलो. तुमच्याकडे ती काचेत बसली, वर झेंडा!"

काका चिडले नाहीत. म्हणाले, "व्याही, पाणबुडीत जाणारा आपण होऊन जातो. सही करून जातो."

मला वाटतं, खरा प्रश्न या दोन वाक्यांच्या मधे आहे. धोका वाईट म्हणून टाळायचा, असं नसतं. होडी पाण्यात लोटतानाही धोका असतोच. धोका कोण उचलतो आणि त्याला कुणी विचारलं का, हे बघायचं असतं. नाविक स्वतः पुढे होतो. गावाला अनेकदा नुसतं कळवलं जातं.

आणि पुढे होणाऱ्याचाही हिशेब शोकेसमध्ये दिसत नाही. हीच पाणबुडी भारतात येण्याआधी, ८ नोव्हेंबर २००८ रोजी, चाचणीसाठी समुद्रात असताना आतली आग विझवायची यंत्रणा अचानक सुरू झाली. त्या वायूने वीस माणसं गुदमरून मेली. आग नव्हतीच.

काकांच्या पाणबुडीत हे घडूच शकत नाही, कारण ती भरीव आहे. सुताराने बाहेरचा आकार हुबेहूब उतरवला. आत लाकूडच लाकूड. खऱ्या पाणबुडीचं सगळं मोल मात्र आतल्या पोकळीत असतं: भट्टी, झोपायच्या फळ्या, घरची आठवण काढणारी माणसं. आणि बाहेर, समोरच्या जहाजावरही तशीच माणसं.

शोभेच्या वस्तूचा दोष तिच्या सुंदर असण्यात नाही. पोकळी बुजवून ती आपल्या हातात येते, हा तिचा दोष. तो काही सुताराला दूर करता येणार नाही. ते काम घरातल्या मोठ्यांचं. पोरं शोकेसपुढे उभी राहून लांबी, वेग, ताकद विचारतात. ते सांगावंच. पण आत किती माणसं मावतात आणि त्यांना तिथं कुणी पाठवलं, हेही त्यांनी विचारावं, असं सांगणं आपण त्यांना शिकवायला हवं.