सैंधवाची खिडकी

आयर्लंडच्या कार्लो परगण्यात १८२० साली जन्मलेल्या, मोजणी खात्यात साध्या हुद्द्यावर चाकरी केलेल्या जॉन टिंडल यांनी १८५९ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नळीत निरनिराळे वायू भरून त्यांतून उष्णता सोडली, तेव्हा काच ती उष्णता अडवते म्हणून नळीची तोंडे त्यांनी सैंधवाच्या, आपल्या उपवासाच्या त्याच सैंधवाच्या, पारदर्शक चकत्यांनी बंद केली होती. ही योजना मला फार प्रिय आहे. प्राणवायूतून उष्णता जवळजवळ निर्वेध गेली. अदृश्य बाष्पाने मात्र ती अडवून धरली. नागपूरकरांना हे अंगानेच ठाऊक आहे: पौषात दिवसभर उन्हात न्हालेल्या अंगणावर बाष्पाचे पांघरूण विरळ असते, म्हणून निरभ्र रात्री त्याची ऊब आकाशात निघून जाते आणि पहाटे शेकोटीकडे हात पुढे होतात, श्रावणातल्या दमट रात्री तेच अंगण उजाडेपर्यंत कोमट राहते.