आवाजाचा दोष

ज्यात कुणीच गुन्हेगार नाही असा अन्याय असू शकतो काय?

न्यायालयाला हा प्रश्न पडत नाही. तेथे फिर्यादी असतो, आरोपी असतो, आणि आरोपी निर्दोष सुटला की अन्यायही त्याच्याबरोबर नाहीसा झाला असे समजून मंडळी घरी जातात. पण संसारात अशा कितीतरी गोष्टी घडतात की जेथे एखाद्याचे सर्वस्व जाते आणि ते नेणारा हात मात्र कुठेच सापडत नाही. अशा वेळी आपण म्हणतो, ‘काळच तसा आला, त्याला कोण काय करणार?’ हे वाक्य उच्चारले की मनाला एक प्रकारची सुटका वाटते. मला या सुटकेचाच संशय येतो. हा संशय जुना आहे. पण त्याला आकार आला तो नॉर्वे देशातील एका नटीची हकीकत वाचताना.

तिचे नाव ग्रेटा निसेन. तिचा जन्म १९०६ सालचा. तिचे गाव आज ऑस्लो या नावाने ओळखले जाते. तिच्या जन्माच्या वेळी त्याला क्रिस्तियानिया म्हणत. ती मुळात नर्तिका. पाश्चात्त्यांचे बॅले नावाचे जे नृत्य आहे त्यात शब्दाला जागा नाही. जे सांगायचे ते मानेने, हाताने आणि पावलाने सांगायचे. हेच तिचे शिक्षण. १९२२ साली, म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षी, ती तेथील राष्ट्रीय रंगभूमीवर एकटीने नाचली. १९२४ साली ती न्यूयॉर्कमध्ये ‘बेगर ऑन हॉर्सबॅक’ नावाच्या नाटकात आली. त्या नाटकाच्या पोटात एक मूकनाट्य होते आणि त्या मूकनाट्यात ती राजकन्या झाली होती. परक्या देशात, परक्या भाषेच्या रंगभूमीवर, एकही शब्द न बोलता तिने नाव मिळवले.

मूकपटवाल्यांना आणखी काय हवे होते? १९२५ साली ‘द वाँडरर’ या चित्रपटात ती आली. बायबलातल्या उधळ्या मुलाची ती कथा. त्या मुलाला भुलविणाऱ्या पुजारिणीचे काम तिचे होते. पुढे १९२८ साली हॉवर्ड हॉक्सच्या ‘फाझिल’मध्ये ती पॅरिसची फ्रेंच तरुणी झाली, आणि तिचा नवरा, अरबस्तानचा राजपुत्र, झाला चार्ल्स फॅरेल नावाचा अमेरिकन. नॉर्वेची मुलगी फ्रेंच आणि अमेरिकेचा मुलगा अरब! कुणाला काही खटकले नाही, कारण कुणाला काही ऐकूच आले नाही. मधूनमधून पडद्यावर जो मजकूर येई तो ज्या त्या देशाच्या भाषेत छापला की काम भागे. माणसाच्या जिभेवर त्याच्या गावाचे नाव लिहिलेले असते. मूकपटाने ते काही वर्षे झाकून ठेवले होते.

१९२७ च्या अखेरीस हॉवर्ड ह्यूज या तरुण, धनाढ्य निर्मात्याने ‘हेल्स एंजल्स’ नावाचा चित्रपट सुरू केला. पहिल्या महायुद्धातील वैमानिकांची ती गोष्ट. ऑक्सफर्डला शिकणारे दोन भाऊ आणि त्यांच्यामध्ये उभी असलेली हेलन नावाची इंग्रज तरुणी. हेलनचे काम ग्रेटा निसेनला मिळाले. ह्यूजला विमानांचे वेड. आकाशातील लढाया मनासारख्या टिपण्यासाठी त्याने वेळेची आणि पैशाची पर्वा केली नाही. महिन्यांमागून महिने गेले. मूकपट तयार होत आला.

पण त्याच १९२७ च्या ऑक्टोबरात ‘द जॅझ सिंगर’ प्रकाशित झाला होता. पडद्यावरचा माणूस त्यात गात होता, थोडे बोलतही होता. दोन वर्षांत प्रेक्षकांना मुकी चित्रे शिळी वाटू लागली. ह्यूजने निर्णय घेतला, आपलाही चित्रपट बोलका करायचा. विमाने तीच ठेवता येत होती. त्यांना घरघर जोडली की झाले. माणसांचे प्रसंग मात्र पुन्हा घ्यावे लागणार होते. आणि मग लक्षात आले की हेलनच्या तोंडी नॉर्वेच्या वळणाचे इंग्रजी आहे. ग्रेटा निसेनला काढण्यात आले. तिच्या जागी जीन हार्लो नावाची अठरा वर्षांची मुलगी आली. मे १९३० मध्ये चित्रपट प्रकाशित झाला आणि हार्लो एका रात्रीत जगप्रसिद्ध झाली.

आता आपण ह्यूजच्या जागी उभे राहून पाहू. न्यायाची ती पहिली अट आहे. इंग्रज मुलीच्या तोंडी परके उच्चार आले असते तर प्रेक्षक हसले असते. निर्मात्याने गुंतवलेला पैसा, शेकडो माणसांची मेहनत हे सारे एका नटीच्या उच्चारांसाठी पणाला लावायचे काय? कलेचीही काही मागणी असते. भूमिका ही नटाची जहागीर नव्हे. ग्रेटाने काही वाईट केले नव्हते हे खरे. पण ह्यूजनेही काय वाईट केले? आणि हार्लोने तर काहीच केले नाही. तिला काम मिळाले, तिने ते केले. जो तो आपापल्या जागी बरोबर. मग ही हानी आकाशातून पडलेल्या विजेसारखीच म्हणायची. विजेवर कुणी फिर्याद करीत नाही.

बराच काळ मी या उत्तरावर समाधान मानले होते. पुढे तो बोलपट पाहण्याचा योग आला आणि माझे समाधान मोडले. कारण हेलन बोलू लागली ती अमेरिकन इंग्रजीत! जीन हार्लो मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटीची. त्या ऑक्सफर्डच्या भावांपैकी एक बेन लायन, दुसरा जेम्स हॉल. दोघेही अमेरिकन, आणि दोघेही तसेच बोलतात. म्हणजे ज्या घरात कुणाचेच बोलणे खरे इंग्रजी नव्हते, त्या घरातून एकीलाच इंग्रजी नीट नाही म्हणून बाहेर पडावे लागले होते. परकेपण सगळ्यांचेच होते. फरक एवढाच की इतरांचे परकेपण अमेरिकन प्रेक्षकाच्या स्वतःच्या घरचे होते. आपल्या घरचा उच्चार आपल्याला उच्चार वाटतच नाही. तो भाषाच वाटतो. दोष नेहमी दुसऱ्याच्या जिभेवर असतो.

याच्या उलट दुसरे उदाहरण पाहा. ग्रेटा गार्बो शेजारच्या स्वीडन देशाची. तिच्या इंग्रजीलाही तिच्या मातृभाषेचे वळण होते. बोलपट आले तेव्हा तिच्या कंपनीने तिला काढले नाही. १९३० साली तिला ‘अ‍ॅना ख्रिस्ती’ हे चित्र दिले, ज्याची नायिकाच मुळी स्वीडिश घराण्यातली. ‘गार्बो बोलते!’ अशी त्याची जाहिरात झाली आणि लोक झुंबड करून ते बोलणे ऐकायला गेले. म्हणजे एकीच्या आवाजाला साजेशी भूमिका शोधण्यात आली, आणि दुसरीच्या हातची भूमिका आवाजासाठी काढून घेण्यात आली. काळ दोघींना एकच आला होता. मग निवड कुणी केली? काळाने खास नव्हे. काळ दार उघडतो किंवा बंद करतो. कुणासाठी खिडकी ठेवायची हे घरातली माणसे ठरवतात.

येथे कुणी म्हणेल, शिकायचे होते तिने. आपल्याकडची सुलोचना शिकली की! हे म्हणणे रास्त आहे. रूबी मायर्स उर्फ सुलोचना ही आमच्या मूकपटांची सम्राज्ञी, पुण्याला जन्मलेल्या ज्यू घराण्यातली. १९३१ साली ‘आलम आरा’ आला आणि पडदा हिंदुस्थानी बोलू लागला. तिला ती भाषा नीट येत नव्हती. तिने काही काळ थांबून ती शिकून घेतली आणि १९३२ साली तिची ‘माधुरी’ बोलू लागली. या जिद्दीला माझा नमस्कार आहे. पण शिकायला सवड लागते, आणि ती देणारा कुणीतरी असावा लागतो. जिला मिळाली ती जिंकली. म्हणून जिला मिळाली नाही तिचा आळस सिद्ध होत नाही. शिवाय ग्रेटा निसेन काही बोलायची थांबली नव्हती. १९३१ च्या ‘ट्रान्सअटलांटिक’मध्ये ती बोलली आहे. तेथे ती परदेशी नर्तकी आहे. जिने मुकेपणी पॅरिसची बाई आणि पुराणातली पुजारीण लीलया साकारली, तिला बोलू लागल्यावर बहुधा परदेशी बाईच होता आले. पुढे तिने इंग्लंडमध्येही काही चित्रपट केले आणि १९३७ च्या सुमारास पडद्याचा निरोप घेतला. १९८८ साली कॅलिफोर्नियात तिचे निधन झाले, तेव्हा ती ब्याऐंशी वर्षांची होती. जीन हार्लो १९३७ सालीच, सव्विसाव्या वर्षी, वारली होती. काही जण या दोन सालांतून नियतीचा न्याय काढून दाखवतील. मला तो हिशेब हलका वाटतो. एकीच्या मरणाने दुसरीची भरपाई होत नसते.

हे सारे मी एवढ्या आवेशाने का लिहितो आहे, हे आता सांगितले पाहिजे. मी शाळामास्तर आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या स्नेहसंमेलनासाठी मी शिवकालावर एक नाटुकले बसवले. त्यात एका मावळ्याचे मोठे काम होते. डोंगरावरच्या वाडीतून रोज चालत येणाऱ्या एका मुलाला मी ते दिले. पोराने महिनाभरात सगळे पाठ केले. त्याचे उभे राहणे, वळून पाहणे असे की तालमीला बाकीची मुले आपले काम विसरत. फक्त ‘ण’ त्याच्या जिभेवर येत नसे. ‘पानी’, ‘कोन’, ‘आनि’. संमेलनाला मोठे साहेब येणार असे कळले आणि मला धास्ती वाटली. चार दिवस आधी मी ते काम गावातल्या एका स्वच्छ बोलणाऱ्या मुलाला दिले आणि याला म्हटले, “तू झेंडा धरून उभा राहा.”

“मंग म्या काय बी बोलायचं न्हाई, गुरुजी?”

“नाही. तुझे उच्चार अजून नीट नाहीत.”

प्रयोग उत्तम झाला. साहेबांनी शाबासकी दिली. मी पडद्याआडून पाहत होतो. झेंडा धरलेल्या त्या मुलाचे ओठ हलत होते. तिकडे दुसरा मुलगा बोलत होता आणि हा सबंध भाषण, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आवाज न काढता म्हणत होता.

मावळ्याची भूमिका! सह्याद्रीच्या कड्यावरचा मावळा कसा बोलत असेल? त्या वाडीतल्या पोरासारखा की स्वच्छ ‘ण’ म्हणणाऱ्या त्या मुलासारखा? हा प्रश्न मला त्या वेळी शिवलासुद्धा नाही. मला नको होते ते परकेपण त्याचे, आणि हवे होते ते माझ्या साहेबांच्या कानाचे. पुढच्या वर्षी मी त्याला आपणहून बोलावले. तो म्हणाला, “मला बोलाया येत न्हाई, गुरुजी.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते. त्याला माझे कारण पटले होते.

आरंभीच्या प्रश्नाचे जे काही उत्तर मला सापडले आहे ते या जागी आहे. काम जाणे हा अन्याय असेलच असे नाही. कामे जातात, कला बदलतात, आणि जगाला पुढे जायचेच असते. मूकपट राहायला हवे होते असे मी म्हणत नाही. अन्याय सुरू होतो तो कारण सांगताना. ‘माझी गरज बदलली’, ‘मला भीती वाटते’, ‘माझ्या प्रेक्षकांना त्यांच्याच घरचा आवाज हवा आहे’, ही खरी कारणे आपण गिळतो आणि समोरच्याला म्हणतो, ‘तुझ्यात दोष आहे.’ आपल्या सोयीला त्याच्या दोषाचे नाव देतो. भूमिका गेली तर माणूस दुसरी शोधतो. पण हा दोष तो घरी घेऊन जातो आणि जन्मभर सांभाळतो.

म्हणून यात गुन्हेगार नाही असे जे वाटते ते खरे नव्हे. गुन्हेगार असतो, फक्त तो इतका सभ्य असतो, आणि त्याचे कारण इतके वाजवी असते, की कुणाचे, त्याचे स्वतःचेसुद्धा, त्याच्याकडे लक्ष जात नाही. कधी तो निर्माता असतो, कधी मास्तर.

तो मुलगा आता शाळेत नाही. शेती करतो. बाजारात भेटला की हात जोडतो, हसतो आणि पुढे जातो. मी हाक मारली तर थांबतो. पण बोलायचे असते ते मलाच बोलावे लागते.